सांभाळणाऱ्यांचे ऋण : आंबेडकरी चरित्रे, आत्मकथने आणि धम्मदृष्टी

आंबेडकरी चळवळीतून निर्माण झालेल्या चरित्रपर आणि आत्मकथनपर वाङ्मयाची समीक्षा करताना आपण बहुधा दोन प्रश्न विचारतो. जातिव्यवस्थेने या माणसाचे काय हिरावून घेतले, हा पहिला. आणि तो त्या व्यवस्थेविरुद्ध कसा उभा राहिला, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांनीच या वाङ्मयाला त्याचे सामर्थ्य दिले आहे. परंतु तितकाच मूलभूत असा तिसरा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. आई मरण पावली, बाप नोकरीसाठी परगावी गेला, किंवा बापाने आपले नावच दिले नाही, अशा वेळी या मुलाला सांभाळले कोणी? आणि जिने किंवा ज्याने सांभाळले, त्याला कोणी सांभाळले?

मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून हे वाङ्मय वाचणाऱ्यास हा प्रश्न अधिक टोचतो. जावळी खोऱ्यातील कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात राबल्या. मुंबईच्या एका खोलीत दहा-बारा माणसे राहत, तेथे लेकराला जागा नसे. म्हणून मूल गावी आजीपाशी, चुलतीपाशी, आत्यापाशी राही. बाबासाहेबांचे पहिले विस्तृत मराठी चरित्र लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे हे याच परिसरातले. पाचवड गावी १९०४ साली त्यांचा जन्म झाला. १९५२ साली त्यांच्या चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. महापुरुषाच्या विचारांबरोबर त्याच्या घरातील माणसे, नातीगोती, भाड्याच्या खोल्या आणि पैशाची ओढाताण यांचाही तपशील नोंदवला पाहिजे, हे भान त्या चरित्रात आहे. तो तपशील पुढील समीक्षेने मात्र बाजूला टाकला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे. सांभाळणाऱ्या नातलगांविषयी आपल्या वाङ्मयात अत्यंत प्रामाणिक पुरावा आहे. आपण मात्र त्याचे रूपांतर वात्सल्याच्या चित्रात केले. वात्सल्याला वंदन केले की जबाबदारीतून मोकळे होता येते. धम्माची परंपरा या बाबतीत आपल्या समीक्षेहून अधिक परखड आणि अधिक कृतज्ञ आहे.

१. साताऱ्यातील घर

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेखानी आत्मनिवेदन १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले आणि १९९३ साली ते महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले. त्यातील पहिले प्रकरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली मुले, मसूर स्टेशनावर त्यांची जात कळताच झालेला पालट, दुप्पट भाडे देऊनही मुलांनाच हाकावी लागलेली बैलगाडी, आणि जकात नाक्यावर रात्रभर न मिळालेले पाणी. या प्रसंगावर व्याख्याने झाली, नाटके झाली, पाठ्यपुस्तकांतून धडे आले.

परंतु हा प्रवास मुळात का करावा लागला, याकडे वाचकाचे लक्ष जात नाही. त्याचे कारण बाबासाहेबांनी आरंभीच सांगितले आहे. आई वारली होती. हे वर्ष १८९६ असे चरित्रकार देतात. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी शासनाने काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. साताऱ्याच्या घरी भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि निवर्तलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले होती. ही मुले आत्याच्या आणि काही सहृदय शेजाऱ्यांच्या हवाली केलेली होती.

या आत्यांविषयी बाबासाहेब काय सांगतात ते बारकाईने पाहिले पाहिजे. आत्या अतिशय मायाळू होत्या, ही ग्वाही ते निःसंदिग्धपणे देतात. आणि त्याच ओघात, त्यांचा आम्हांला उपयोग नव्हता, असेही सांगतात. त्यांची अंगकाठी खुजी होती, पाय अधू होते, कोणाच्या आधाराशिवाय त्यांना हिंडता-फिरता येत नसे. पुष्कळदा उचलून न्यावे लागे. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. मग स्वयंपाक कोण करणार? शाळेत जाणारी चार मुलेच तो करीत. भाकरी त्यांना जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून ती भागवीत. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत मुले गोरेगावला निघाली तेव्हा आत्यांना शेजाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवून निघाली.

या थोड्याशा मजकुरात सांभाळण्याचे संपूर्ण शास्त्र आले आहे. ज्या बाईवर चार मुलांची जबाबदारी टाकली होती, तिलाच सांभाळण्याची गरज होती. माया होती, बळ नव्हते. बाबासाहेबांनी मायेचा उल्लेख करून उणिवेवर पांघरूण घातले नाही आणि उणीव सांगून मायेचा अवमानही केला नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. ही लेखनदृष्टी आपल्याला साधलेली नाही. चरित्रग्रंथांतून या आत्या मीराबाई या नावाने येतात. कुबड असलेल्या, रामजींहून वडील, घर सावरणाऱ्या अशा त्यांच्या चित्रात सत्य आहे. पण पुढील लोकप्रिय चरित्रांत आणि बालवाङ्मयात त्या केवळ 'दुसरी आई' होऊन राहिल्या. 'दुसरी आई' म्हटले की त्यांचे पाय किती दुखत असतील, हा प्रश्न उरत नाही. शेजारी तर या चित्रातून पूर्णपणे पुसले गेले. मूळ मजकुरात मात्र ते दोनदा येतात. एकदा मुलांसाठी, एकदा आत्यांसाठी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अस्पृश्यतेने या मुलांना रस्त्यावर गाठले ते घरात मोठे माणूस नसल्यामुळे. आई जिवंत असती, किंवा आत्यांना चालता आले असते, तर चार अनोळखी गावांतून ही मुले एकटी गेली नसती. जातीचा घाव सर्वांवर पडतो. परंतु ज्या घराचा पाठीराखा हरपला आहे, त्या घरातील लेकरावर तो उघड्यावर पडतो. म्हणून पोरक्या मुलाचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा दुय्यम, घरगुती प्रश्न नव्हे. तो जातिप्रश्नाच्या गाभ्यातील प्रश्न आहे.

२. अर्धा आणा

दुसरा प्रसंग धनंजय कीर यांच्या १९५४ साली इंग्रजीत आणि १९६६ साली मराठीत आलेल्या चरित्रामुळे सर्वतोमुखी झाला. रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहानग्या भीमाचे मन दुखावले आणि आपले पोट आपण भरावे असे त्याने ठरवले. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात, हे त्याने ऐकले होते. मुंबईचे भाडे हवे होते. आत्या रात्री त्याच्याजवळच निजत. त्यांच्या कमरेला पैशाची पिशवी खोचलेली असे. तीन रात्री ती काढण्याचा प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. तिच्यात होता अर्धा आणा. त्या मुलाला स्वतःची लाज वाटली आणि त्याने अभ्यासाचा निर्धार केला.

हा प्रसंग आजवर निश्चयाची कथा म्हणून वाचला गेला. तो तसा आहेच. पण त्या पिशवीकडे एकदा पाहा. चार मुले सांभाळणाऱ्या अपंग बाईच्या कमरेला एकच अर्धा आणा होता, आणि तोही ती निजताना अंगाशी धरून होती. समीक्षकांनी मुलाच्या मनात काय पालटले याचा शोध घेतला. आत्यांच्या पिशवीत काय नव्हते याचा घेतला नाही. बळाबरोबर पैसाही नव्हता. आणि सावत्र आईला खलनायिका व आत्यांना देवता करणाऱ्या लेखकांनी ध्यानात घ्यावे की, या दोघींपैकी एकीच्याही हाती घराचा खर्च ठरविण्याची सत्ता नव्हती.

माता रमाईंच्या चरित्राची तीच गत झाली आहे. दापोलीजवळच्या वणंद गावची ही मुलगी. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी लवकर वारली, पाठोपाठ वडीलही गेले. या पोरक्या भावंडांना काका आणि मामा मुंबईला घेऊन गेले. भायखळ्याच्या मच्छी बाजारात झालेला तो प्रसिद्ध विवाह म्हणजे आई नसलेला मुलगा आणि आई-बाप नसलेली मुलगी यांचा विवाह होता. दोघांनाही नातलगांनी वाढवले होते. रमाईंच्या त्यागावर आपल्या गायकांनी असंख्य गीते रचली. कष्टकऱ्यांच्या मुंबईत, स्वतःच्या संसाराचा मेळ बसत नसताना, भावाची आणि बहिणीची लेकरे पदरी घेणाऱ्या त्या काका-मामांना त्या गीतांत जागा मिळाली नाही. पुढे या जोडप्यानेही तेच केले. बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव हे त्यांच्या घराचा भाग झाले. ज्यांना सांभाळले गेले त्यांनी सांभाळले. ही साखळी चरित्रकारांच्या नोंदींत आहे. आपल्या विवेचनात नाही.

३. सहीचा प्रश्न

तिसरे उदाहरण आत्मकथनांतले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' या १९८४ सालच्या आत्मकथनावर भरपूर लिहिले गेले. त्यातील औरसतेचा प्रश्न, भूक, जमीनदारी वासना यांवर चर्चा झाली. पण या पुस्तकाचा कणा म्हणजे संतामाय ही आजी आणि तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान गृहस्थ, ज्याला हा मुलगा दादा म्हणतो. रक्ताचे नाते आजीचे; दादाचे तर तेही नाही. धर्म वेगळा, जात वेगळी. तरीही मुलाला घास भरवणारे हात या दोघांचे आहेत.

या आत्मकथनातील फ्रीशिपच्या अर्जाचा प्रसंग समीक्षकांनी औरसतेच्या अंगाने वाचला. आपण तो सांभाळणाऱ्याच्या अंगाने वाचला पाहिजे. अर्जावर सही हवी. पण हा मुलगा कोणाचा म्हणून लिहायचा, हा गावच्या कारभाऱ्यांना पेच. ज्याने लहानपणापासून वाढवले तो कागदावर कोणीच नाही. ज्याने जन्म दिला तो कागदावर यायला तयार नाही. बळ आणि पैसा यांच्याबरोबर तिसरी उणीव येथे दिसते ती कागदाची. समाज सांभाळणाऱ्याकडून काम घेतो. त्याला अधिकार मात्र देत नाही.

ही उणीव केवळ त्या काळाची नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यातील नैसर्गिक पालकांच्या यादीत बाप आणि त्याच्यानंतर आई आहे. आजी, आत्या, मामा, काका त्यात नाहीत. त्यांना कायद्याने पालक व्हायचे असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो. ज्या आजीला बँकेच्या खिडकीपर्यंत जाताना कोणाचा हात धरावा लागतो, तिने न्यायालयाची पायरी कशी चढावी?

येथे बेबीताई कांबळे यांचा उल्लेख अगत्याचा आहे. 'जिणं आमुचं' हे त्यांचे आत्मकथन प्रथम 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याचा मोठा भाग वीरगावातील आजोळचा आहे. मूल आई-बापापेक्षा आजा-आजीच्या आणि महारवाड्याच्या अंगाखांद्यावर कसे वाढते, हे त्यात सहजपणे येते. पण बेबीताईंचे खरे भाष्य पुस्तकाबाहेर आहे. फलटणजवळ निंबोरे येथे त्यांनी वंचित मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. आजोळच्या आठवणी लिहिणाऱ्या बाईने आजोळ नसलेल्या मुलांसाठी घर उभारले. साताऱ्याच्याच मातीत याआधीही असे घडले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. या दोन्ही स्त्रियांनी मायेला धान्य, छप्पर आणि हजेरीपट यांची जोड दिली. म्हणून त्यांची माया टिकली.

४. गौतमी आणि नंद

आता धम्माच्या परंपरेकडे वळू. सांभाळणाऱ्या नातलगाचे जगातील सर्वांत थोर चित्र बौद्ध वाङ्मयात आहे आणि ते आपण नीट वाचलेले नाही.

पारंपरिक कथेत बोधिसत्त्वाची माता सातव्या दिवशी मरण पावते ती जणू नियमाने. त्या उदरात पुन्हा कोणी वास करू नये म्हणून. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा दैवी नियम काढून टाकला. तेथे महामाया आजारी पडते, आजार बळावतो, आणि अखेरच्या क्षणी ती आपले बाळ बहिणीच्या, महाप्रजापतीच्या, स्वाधीन करते. हा बदल वरवर लहान वाटतो. परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. नियमाच्या जागी विश्वास आला. एका माणसाने दुसऱ्या माणसावर जबाबदारी सोपवली आणि दुसऱ्याने ती पतकरली. ज्याची आई त्याच्या बालपणी साताऱ्यात वारली आणि ज्याला आत्यांनी व शेजाऱ्यांनी सांभाळले, त्या लेखकाने हे लिहिताना काय अनुभवले असेल, याचा तर्क करण्याची गरज नाही. मजकूर स्वतःच बोलका आहे.

पालि परंपरा गौतमीचे उपकार अत्यंत नेमक्या शब्दांत मोजते. ती मावशी आहे. ती 'आपादिका' आहे, म्हणजे वाढवणारी. ती 'पोसिका' आहे, म्हणजे पोसणारी. केवळ 'आईसारखी' असे म्हणून परंपरा थांबत नाही. ती तिच्या कामाची नावे सांगते. आणि ही नावे कोठे उच्चारली जातात ते पाहण्यासारखे आहे. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून आनंद युक्तिवाद करतो तेव्हा, स्त्रिया धम्माचे फळ मिळवू शकतात या तत्त्वाबरोबरच, तो गौतमीच्या संगोपनाचा दाखला देतो. भिक्खुणींवर घातलेल्या अटींच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तो येथील विषय नव्हे. आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच की, एका मावशीने पाजलेले दूध हा संघाच्या इतिहासातील एका मोठ्या निर्णयात ग्राह्य पुरावा ठरला.

मज्झिम निकायातील दक्खिणाविभंग सुत्तात गौतमी स्वतः कातून विणलेली वस्त्रजोडी घेऊन येते. भगवान ती संघाला देण्यास सुचवतात. आनंद पुन्हा तिच्या उपकारांची आठवण करून देतो. आणि भगवंतांनीही तिला धम्माच्या मार्गावर आणले, हेही सांगतो. अपदानातील गौतमीही हेच म्हणते : तिने भगवंतांचे शरीर वाढवले, भगवंतांनी तिचे धम्मशरीर वाढवले. ऋण येथे एका बाजूचे नाही. सांभाळणारी स्वतः वाढली पाहिजे, तिचे आयुष्य पाल्याच्या आयुष्यात विरून जाता कामा नये, ही धम्माची भूमिका आहे. आपल्या लोकप्रिय वाङ्मयातील सांभाळणारी बाई मात्र मुलगा मोठा झाला की पानातून नाहीशी होते.

अट्ठकथांतील एक तपशील यापुढे जातो. गौतमीने सिद्धार्थाला स्वतः दूध पाजता यावे म्हणून आपला मुलगा नंद दाईंच्या हाती दिला. या तपशिलाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याची किंमत कोणी मोजली नाही. दुसऱ्याचे लेकरू छातीशी धरताना स्वतःचे लेकरू दूर जाते. मावशी, आत्या, चुलती जेव्हा पोरक्या मुलाला जवळ करते तेव्हा तिच्या घरातील एखादा नंद आपला वाटा सोडत असतो : ताटातला, अंथरुणातला, वह्यांच्या पैशातला. प्राचीन भाष्यकाराने ही गोष्ट लपवली नाही. आधुनिक चरित्रकारांनी आणि आपण समीक्षकांनी तेवढे तरी धैर्य दाखवावे.

५. मित्रांचे कर्तव्य

नातलगाविषयी एवढे झाले. पण जेथे नातलग नाहीत, अथवा आहेत पण थकले आहेत, तेथे काय? दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या गृहपतिपुत्राला भगवंतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यांत मित्रांनी मित्रासाठी करावयाच्या पाच गोष्टी आहेत. तो बेसावध असता त्याचे रक्षण करणे, त्याच्या मालमत्तेचे रक्षण करणे, भीतीत त्याला आसरा देणे, आपत्तीत त्याला न सोडणे. आणि पाचवी गोष्ट, त्याच्या संततीचा आदर करणे. अट्ठकथाकारांनी मुले आणि नातवंडे यांच्यापर्यंत या आदराचा विस्तार केला आहे.

हे पाचवे कर्तव्य आपल्या उपदेशांतून गळून पडले आहे. आई-वडिलांची सेवा, गुरूंचा मान, पती-पत्नींचे परस्परकर्तव्य यांवर विहारांत प्रवचने होतात; मित्राच्या लेकरावर होत नाहीत. येथे शब्दाचीही नोंद घ्यावी. भगवंतांनी 'दया' म्हटले नाही. मित्राच्या मागे त्याच्या मुलांना जे मिळायचे ते मान म्हणून मिळाले पाहिजे, भीक म्हणून नव्हे. साताऱ्याच्या त्या घरी जे सहृदय शेजारी होते त्यांनी हे पाचवे कर्तव्य सुत्त न वाचता पार पाडले. त्यांची नावे इतिहासात उरली नाहीत. त्यांच्या कृतीची नोंद मात्र बाबासाहेबांनी ठेवली, आणि तीही सुमारे पस्तीस वर्षांनंतर. याहून मोठी पावती कोणती?

६. समीक्षेपासून कृतीकडे

समीक्षा वाचनाची दिशा पालटते म्हणून तिचे मोल आहे. वाचन पालटले आणि वर्तन तसेच राहिले, तर ती समीक्षा अपुरी होय. म्हणून वरील तिन्ही उणिवा, बळ, पैसा आणि कागद, यांचा आजच्या संदर्भात विचार करणे क्रमप्राप्त आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर मुंबईची मनीऑर्डर आटली आणि जावळीसारख्या डोंगरी भागातील आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलांचा आधार तुटला. पुढे कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, कित्येक घरांतील आई-बाप दोघेही गेले. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली पाच लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली. तिचा लाभ मुलाला प्रौढ झाल्यावर होतो. रोजची चूल मात्र आजीलाच पेटवावी लागते. त्या चुलीसाठी बालसंगोपन योजना आहे. आई-बाप ज्यांना सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना संस्थेत न पाठवता कुटुंबात, नातलगांकडेही, वाढवता यावे हा तिचा हेतू. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि दरमहाची मदत ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आली. ही रक्कम मोठी नाही. पण अर्ध्या आण्याहून ती निश्चितच अधिक आहे.

अडचण आहे ती कागदाची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते, जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास कार्यालय आणि बालकल्याण समितीपुढे उपस्थिती. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या, गुडघे धरलेल्या म्हातारीने साताऱ्याच्या किती खेपा घालाव्यात? साताऱ्याच्या त्या घरातील आत्यांचे अधू पाय आणि या म्हातारीचे गुडघे यांत फरक एवढाच की, आज कायदा आहे, योजना आहे, आणि विहारही आहे.

विहाराने काय करावे, हे सांगण्यास मोठ्या ग्रंथाची गरज नाही. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील आई-बापाविना वाढणाऱ्या मुलांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. नोंदवहीत दोन रकाने असावेत, एक मुलाचा आणि एक सांभाळणाऱ्याचा. कारण दुसरा रकाना नेहमी कोरा राहतो. कार्यालयात खेप घालण्यासाठी एका शिकलेल्या तरुणाने म्हातारीबरोबर जावे. त्या घरातील 'नंद' कोण आहे, म्हणजे पोरक्या मुलामुळे कोणाचा वाटा कमी झाला आहे, हेही पाहावे आणि त्याच्याही वह्यांची तरतूद करावी. आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या घराने त्या चुलीचा भार उचलावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलांच्या सत्काराबरोबर त्यांना शाळेत धाडणाऱ्या आजी, आत्या, मामा यांनाही व्यासपीठावर बसवावे, आणि त्यांचे अर्ज त्याच दिवशी भरून द्यावेत. नुसत्या हारतुऱ्यांनी त्यांची चूल पेटणार नाही.

आपल्या लेखकांकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे जे आत्मकथन लिहील, जे चरित्र लिहील, त्याने सांभाळणाऱ्याला 'दुसरी आई' म्हणून वाटेला लावू नये. तिचे नाव लिहावे, तिचे दुखणे लिहावे, तिच्याकडे किती पैसे होते ते लिहावे, आणि तिला कोणी मदत केली व कोणी केली नाही हेही लिहावे. बाबासाहेबांनी आपल्या आत्यांविषयी काही ओळींत हे करून दाखवले आहे. माया आणि तिची मर्यादा एकत्र सांगण्याचे ते धैर्य आपल्या वाङ्मयाने आत्मसात केले, तरच सांभाळणाऱ्यांचे ऋण मान्य केल्यासारखे होईल. ते फेडण्याचे काम मात्र नोंदवहीतच करावे लागेल.